तुलनेसाठी घेतलेलं रक्त

मी एक उंदरीण बोलतेय. दचकून पाय वर घेऊ नका, मी तुमच्या फडताळातली नव्हे. धान्याचं पोतं, मांजर, बीळ यातलं काहीच मी पाहिलेलं नाही. माझा जन्म प्रयोगशाळेतल्या प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात, लाकडाच्या भुशावर झाला. खोलीला खिडकी नाही. दिवा आपोआप लागला की दिवस, विझला की रात्र.

आई काळी, बाप पांढरा, आणि आम्ही पोरी मळकट करड्या. आईबाप तसे बरे होते, पण त्यांच्या लेकींच्या रक्तात एक दोष उतरतो. तो उतरावा म्हणूनच त्यांची जोडी जमवलेली. हे मला मामांच्या बडबडीतून कळलं. मामा आमचा भुसा बदलत, पाणी भरत. सगळी प्रयोगशाळा त्यांना मामाच म्हणते. "खाऊन घ्या, बायांनो," ते म्हणत, "तुमच्या घराण्यात म्हातारपण नाही."

मला ती थट्टा वाटायची. मग एक बहीण सुजली. पोट पाण्यानं तटतटलं, केस विस्कटले आणि एका सकाळी ती कोपऱ्यात थंड पडलेली दिसली. तिला ना कुणी चावलं होतं, ना तिनं भलतंसलतं खाल्लं होतं. मामांनी तिला कागदात गुंडाळून नेलं. त्या दिवसापासून स्वतःचं पोट चाटताना मी मध्येच थांबू लागले.

आमच्यावर काम करायची एक तरुण संशोधक. मामा तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठ वळली की 'आपली पोर'. तिचा हात हलका होता. सुई टोचण्याआधी ती मला क्षणभर मुठीत ऊब द्यायची. तिनं मला न्यूमोनियाच्या मेलेल्या जंतूंचं इंजेक्शन दिलं. मेलेले जंतू कसला आजार देणार? पण माझ्या रक्तानं त्यांना ओळखलं आणि त्यांना चिकटणारी प्रतिपिंडं तयार केली. परक्याला धरायचं, एवढंच प्रतिपिंडांचं काम. आमच्या घराण्यात मात्र काही प्रतिपिंडं आपल्याच पेशींना धरतात, मूत्रपिंडात साचतात आणि आतून पोखरत जातात.

यावरून मॅडमचं आणि तिच्या सरांचं नेहमी वाजायचं.

"ही घरभेदी जातच निराळी," सर म्हणत. "जंतूंशी लढणाऱ्यांशी तिचा काडीचा संबंध नाही."

"मला तर ती सख्खी भावंडं वाटतात, सर. जंतूवर घट्ट बसावं म्हणून प्रतिपिंड जरा जरा बदलत जातं. त्यात एखादं असं बदलतं की त्याला आपलंच शरीर परकं वाटायला लागतं. निरोगी उंदरात असली वेळीच खुडली जातात. हिच्यात ती राहून जातात."

"वाटून काय होतंय? दाखव."

तिनं दाखवलं. तेच इंजेक्शन दिलेली माझी दुसरी बहीण नेली, ती परत आली नाही. तिच्या प्लीहेतल्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी मॅडमनं वेगवेगळ्या वाढवल्या. एका पेशीचं प्रतिपिंड जंतूला चिकटत होतं. तिच्याच वंशातल्या, किंचित बदललेल्या दुसऱ्या पेशीचं प्रतिपिंड उंदराच्या स्वतःच्या डीएनएला चिकटलं. सरांनी सगळे निकाल स्वतः पुन्हा तपासले. मामांनी सगळ्यांना चहा आणला.

त्या दिवसांत मॅडमच्या गालांवर, नाकाच्या दोन्ही बाजूंना, लाली दिसायची. "ऊन लागलं," ती म्हणायची. सकाळी हातमोजे चढवताना बोटं वळायची नाहीत.

मग रक्तांची तुलना करायची ठरली. उंदराच्या मूत्रपिंडाच्या पातळ कापावर रक्तातलं पाणी टाकायचं. घरभेदी प्रतिपिंडं असतील तर खास रंग लावल्यावर काप भिंगाखाली हिरवा चमकतो; डीएनएची घडण सारखीच, म्हणून माणसाचं रक्तही चालतं. हॉस्पिटलमधून आमच्यासारखाच आजार असलेल्या एका रोग्याचं रक्त आलं होतं. तुलनेला निरोगी माणसाचं हवं होतं. "माझंच घेते," मॅडम म्हणाली आणि थोड्या वेळानं कोपराच्या खळग्यात कापूस दाबत परतली.

माझा पिंजरा तिच्या टेबलावरच होता. तिनं दिवा मालवला आणि भिंगाला डोळा लावला. माझं रक्त चमकलं. रोग्याचं चमकलं. मग तिनं पुढची काच सरकवली आणि भिंग पुन्हा नीट जुळवलं.

तिनं तो नमुना पुन्हा लावला. मग पुन्हा.

सर आले, वाकून पाहिलं. "हे तुलनेचं ना? मग हिरवं कसं? खराब झालंय, टाकून दे."

"खराब नाहीये, सर. माझं आहे."

सरांनी खुर्ची ओढली. "बस आधी. एका तपासणीवरून काही ठरत नाही. धडधाकट माणसांतही कधीकधी चमकतं."

"इतकं नाही चमकत, सर. तुम्हालाही माहितेय."

"आजच डॉक्टरांकडे जा. आणि ऐक, तू उंदीर नाहीस. तुझ्यासाठी औषधं आहेत."

तिनं भावाला फोन लावला. "दादा, लवकर निघता येईल का रे? नाही, पडले-बिडले नाही. तू ये ना. आईला आत्ता काही बोलू नकोस."

ती परतली तोवर औषधांनी तिचा चेहरा गोल झाला होता आणि माझं पोट पाण्यानं. आपल्या मूत्रपिंडाला थोडी इजा झालीच आहे, असं ती मामांना सांगत होती. वाढेल की थांबेल, हे डॉक्टरही सांगत नाहीत. मला आता पाण्याच्या नळीपर्यंत उभं राहता येत नाही.

आज ती माझ्यासाठी आली आहे. "मी करू का, पोरी?" मामांनी विचारलं. तिच्यासमोर त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच मॅडम निघालं नाही.

"नको, मामा. हिचं मीच करते."

तिच्या तळव्यावर मी पडून आहे. माझ्या पोटाला तिची नाडी लागतेय, जलद आणि असमान. माणसांनो, मला दया नको. माझी मूत्रपिंडं तेवढी नीट बघा. घाईत कापू नका, घाईत निकाल लावू नका. आपलं परकं जिथं वाटू लागतं, ती जागा माझ्यात सापडली तर सापडेल. हिच्याजवळ किती वेळ आहे ते कुणालाच माहीत नाही. माझा तर संपला. माझ्यातून हिच्यासाठी जेवढं काढता येईल तेवढं काढून घ्या.