रजेचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नाही. माझ्यावर कधी कुणी पाढे लिहिले नाहीत. नाशिकच्या सातपूर वसाहतीत लोखंड तापवून, ठोकून सुटे भाग बनवणारा एक लहानसा कारखाना आहे. तिथे पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी मी एकोणीस वर्षे टांगलेला होतो.

यंत्राच्या खोक्याची फळी घेऊन गोटीराम सुताराने मला बनवले. काळा रंग दिला, पांढऱ्या रेघा ओढल्या. डावीकडे माणसांची नावे, वर महिन्याच्या तारखा. ज्याला रजा मिळेल, त्याच्या चौकटीत खडूची फुली. खाली तांबड्या अक्षरांत लिहिले होते : ‘भट्टीवर पाच माणसे हवीतच.’

भट्टीच्या पाळीत सात जण होते. म्हणजे एका दिवशी दोघांनाच रजा. तिसरा गेला की उरलेल्यांची धावपळ होई, आणि लाल लोखंडाजवळ धावपळ झाली की हात भाजतात. हे सगळे जुळवायचे काम पाळीचे सुपरवायझर रंगनाथ यांच्याकडे होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सटाण्याकडच्या सगळ्यांना घरी जायचे असे, भाताच्या आवणीला, म्हणजे रोपे लावायला, सुरगाण्याकडच्यांना. “मागच्या आखाजीला तू गेलास, यंदा नाथाला जाऊ दे,” असे म्हणत रंगनाथ फुल्या मारत. माणसे कुरकुरत, पण सगळे डोळ्यांसमोर असल्यामुळे कुणी भांडत नसे. “हा फळा आहे म्हणून बरं चाललंय,” असे मालक पाहुण्यांना सांगत, तेव्हा मला केवढा अभिमान वाटे!

एका मे महिन्यातल्या सोमवारी भट्टीवरचा दिनेश माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो सुरगाण्याकडचा, मुळातच कमी बोलणारा.

“साहेब, तीन-चार दिवस गावाला जायचं व्हतं. आजच.”

रंगनाथ यांनी माझ्याकडे बोट दाखवले. “नाथा कांदे काढायला गेलाय, साईच्या घरी लग्न आहे. दोन फुल्या झाल्या बघ. शुक्रवारी जा.”

“बरं,” दिनेश म्हणाला. तरी तो तिथेच थोडा वेळ माझ्यावरच्या आपल्या नावाकडे पाहत राहिला आणि मग भट्टीकडे गेला.

बुधवारी सकाळी त्याला गावाहून फोन आला. त्याचे वडील रावजी फार आजारी होते. दिनेश हातमोजे टाकून एसटी पकडायला धावला. भट्टीवर चारच जण उरले. तेव्हा रंगनाथ यांनी ते हातमोजे घातले आणि पाळी संपेपर्यंत ते स्वतः भट्टीपाशी उभे राहिले.

बारा दिवसांनी दिनेश कामावर परतला.

“बाबा दुपारीच गेला,” तो म्हणाला. “मी पोचलो सांजच्याला. सोमवारपास्नं इचारत व्हता, दिन्या आला का म्हणून.”

“अरे, वडील आजारी आहेत हे सांगायचं नाहीस का मला?”

“तुम्ही इचारलं नाय, साहेब. तुम्ही फळ्याकडं बघितलं.”

मित्रांनो, त्या क्षणी भिंतीवरून खाली पडावे असे मला वाटले. जेवणाच्या सुट्टीत रंगनाथ माझ्यासमोर बाकावर बसले. डबा उघडलाच नाही. “बुधवारी मी उभा राहिलो,” ते स्वतःशीच म्हणाले, “मग सोमवारी का नाही राहिलो?” मी काय सांगणार? माझ्यावर फक्त लिहिता येते.

त्यानंतर रंगनाथ प्रत्येकाला बसवून घरची चौकशी करू लागले. पण दिनेशने रजा मागणेच सोडून दिले. दोन वर्षे त्याच्या नावापुढच्या चौकटी काळ्याच राहिल्या. बाकीचे घोळक्याने जेवत. दिनेश भिंतीच्या कडेला एकटा बसे, रंगनाथ माझ्यासमोर एकटे. दोघांत जेमतेम दहा पावलांचे अंतर होते. तेवढेही कुणी चालून गेले नाही.

मग रंगनाथ यांच्या निवृत्तीला महिना उरला. आवणीचे दिवस होते. दोन फुल्या आधीच पडलेल्या होत्या. रंगनाथ यांनी दिनेशला बोलावले आणि त्याच्या देखतच त्याच्या नावापुढे चार फुल्या मारल्या.

“मी मागितली नाय,” दिनेश म्हणाला.

“माहीत आहे. आई एकटीच आहे ना घरी? जा. तुझ्या जागी मी उभा राहतो.”

दिनेशने खिळ्यावरचे ओले फडके उचलले. आता हा फुल्या पुसणार, असे मला वाटले. बराच वेळ तो फडके हातात धरून उभा राहिला. मग त्याने ते पुन्हा खिळ्याला अडकवले आणि पिशवी घ्यायला गेला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी रंगनाथ चार दिवस भट्टीपुढे घाम गाळत राहिले. पाचव्या दिवशी दिनेश आला, तो वर्तमानपत्रात गुंडाळलेले नागलीचे पापड घेऊन. दुपारी तो रंगनाथ यांच्या बाकावर येऊन बसला.

“झाली आवणी?”

“झाली. आईनं तुमची इचारपूस केली.”

एवढेच बोलणे झाले. मग दोघांनी डबे उघडले.

रंगनाथ निवृत्त झाले आणि रजा मोबाइलवर मागायची पद्धत आली. मोबाइल वाईट नाही. पाच माणसांची मोजणी तो माझ्यापेक्षा अचूक ठेवतो. मला मात्र गोदामात पिंपांमागे, तोंड भिंतीकडे करून ठेवले आहे. पाळीचा भोंगा ऐकू येतो, पावले येतात आणि जातात. माझ्यासमोर आता कुणी थांबत नाही. कुणाचे काय चालले आहे, हे मला कळत नाही.

मित्रांनो, मला परत भिंतीवर लावा असे मी म्हणत नाही. पण उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हाती माणसांच्या रजा आल्या, तर पाच जण जरूर मोजा, भट्टी कुणाची गय करत नाही. फक्त ‘नाही’ म्हणण्याआधी समोरच्याला बसायला सांगा आणि घरी कसे काय आहे ते विचारा. आणि जो कधीच रजा मागत नाही, त्याच्याकडे सगळ्यांत आधी जा.