धाऊने घेतलेला घास

मी एक जुना बाक आहे. लाकूड ऐनाचं, जागा दोघांची. तिसरा येऊन टेकला की मी कुरकुरतो आणि त्याला ते कळावं अशी माझी इच्छा असते. मुरबाडच्या भगीरथ सुताराने मला आणि माझ्या जुळ्या भावाला एकाच ओंडक्यातून काढलं. रंधा मारताना तो शिव्या फार द्यायचा, पण हात चोख होता. वाशिंदच्या एका चहावाल्याने आम्हाला टेम्पोत घालून नेलं आणि पहिली काही वर्षं आम्ही रिक्षावाल्यांचं वजन सोसलं.

मग चहावाला गावी गेला आणि तो गाळा पंकजने घेतला. पंकज कल्याणच्या मॉलमध्ये बर्गर बनवायला शिकलेला. त्याने मुलीच्या नावाने ‘भूमिका बर्गर’ अशी पाटी लावली, आम्हाला लालभडक रंग दिला, समोर एकेक टेबल ठेवलं आणि दोघा भावांना समोरासमोरच्या भिंतींना लावून टाकलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, ते दिवस मला फार आवडले. कॉलेजची मुलं माझ्यावर बसून फोटो काढायची. कंपनीतून सुटलेल्या पोरी टिक्की बर्गर खात तासभर हसत बसायच्या. एका शहाण्याने चावीने माझ्यावर स्वतःचं नाव कोरलं, तेही मी चालवून घेतलं.

पण मला सांगायचं आहे ते धाऊबद्दल. धाऊ सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका लहान गावातला म्हातारा. बायको वारलेली, मूल एकच, रविना. ती वाशिंदच्या कंपनीत पॅकिंगला होती आणि तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा चांगला होता, पण जातीतला नव्हता. गावकीने ठरवलं की रविनाच्या हातचं अन्नपाणी कुणी घ्यायचं नाही, आणि जो घेईल तोही वाळीत. वाळीत म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल. त्याच्या दारात कुणी येत नाही, मयताला खांदा देत नाही, आणि त्याच्या शेतावर सावडीला जात नाही. सावड म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या तुझ्या. धाऊकडे उतारावरचा एक भाताचा तुकडा होता आणि राबायला एकटा जीव. सावड तुटली तर त्याची रोपं वाफ्यातच पिवळी पडणार होती.

म्हणून त्याने माझी जागा शोधली. मंगळवारी रविनाच्या कंपनीला सुट्टी असायची. गावात गुडघ्याचं औषध आणायला जातो असं सांगून धाऊ दोन गाड्या बदलून यायचा. त्याचा हिशोब सरळ होता. हॉटेलातलं खाणं पंकजच्या हातचं. त्यात लेकीचा हात कुठे लागला? तो दोन वेगळ्या प्लेटा मागायचा आणि पाणीसुद्धा स्वतःच ओतून घ्यायचा. बर्गर समोर आला की तो आधी उकलायचा, सॉस बोटाने निपटून कडेला लावायचा, आणि पाव वेगळा, टिक्की वेगळी असं खायचा. वर मिरची मागायचा. रविना हसायची आणि तो मुद्दाम अजून सावकाश खायचा. दोन वर्षं असं चाललं, आणि मंगळवारी मी पहाटेपासून खूश असायचो.

तिसऱ्या वर्षी आषाढात रविनाला सहावा महिना होता. तिला घरच्या नाचणीच्या भाकरीचे आणि सुकटीच्या चटणीचे डोहाळे लागले होते. धाऊने स्वतः भाकरी थापल्या, पळसाच्या पानात बांधून आणल्या. बाहेरचे पदार्थ आणू नयेत अशी पाटी त्याच्या डोक्यावरच होती, पण पंकजने तिकडे पाठ फिरवली. रविनाने भाकरी मोडली. घरी असताना पहिला घास बापाच्या तोंडात घालायची तिची लहानपणची सवय. बोलता बोलता तिचा हात वर गेला, आणि धाऊनेही नकळत तोंड उघडलं.

समोर माझ्या भावावर त्याच्याच गावचा गोजर बसला होता. गोजर गावकीतला माणूस. सोयऱ्यांकडे आला होता आणि नातवाने हट्ट केला म्हणून त्याला फ्राइज चारत होता. दोघांनीही पाहिलं, आजाने आणि नातवानेही.

गोजर उठून आला. तो वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. आवाज खाली आणून तो म्हणाला, “धाऊ, मी काय बघितलं नाय. तू घास घेतला नाय. एवढं तू तोंडानं म्हण, म्हंजे गावात कोणी विचारला तर मी खोटा पडणार नाय. तुझी लावणी तोंडावर हाय रे.”

धाऊने रविनाकडे पाहिलं, मग खाली टेबलाकडे.

“नाय घेतला,” तो म्हणाला. घास अजून त्याच्या गालात होता.

गोजर मान हलवून नातवाला घेऊन गेला. रविनाने उरलेली भाकरी पानात नीट बांधली आणि बापापुढे सरकवली. “मंग ही पण घेऊन जा, बा,” ती म्हणाली आणि माझा आधार घेऊन उठली. ती रस्त्यापलीकडे गेल्यावर धाऊने तो घास गिळला. मला त्याचा संताप आला, आणि त्याच्या जागी दुसरं कुणी काय केलं असतं हेही मला सुचेना.

पुढच्या मंगळवारी धाऊ एकटाच बसला. लावणीला चौदा माणसं आली, एका दिवसात उरकली, असं त्याने पंकजला सांगितलं. सांगताना तो पाणी पीत राहिला. मग त्याने नेहमीच्या दोन प्लेटा मागवल्या. दुसरी गार होऊन गेली. पुढच्या खेपेलाही तेच, आणि त्याच्या पुढच्याही. पंकजने रविनाला फोन केला, तर बरी आहे एवढंच बोलून तिने ठेवून दिला. दिवाळीच्या आधी पंकजची बायको शीतल हिने बातमी आणली की रविनाला मुलगी झाली. कुणावर गेलीय, असं धाऊने विचारलं. शीतलने बाळ पाहिलं नव्हतं. तरी तो पुन्हा पुन्हा तेच विचारत होता.

वर्ष गेलं. भात कापणीला आलं, तेव्हा शीतल स्वतः रविनाच्या खोलीवर गेली. म्हातारा वाळत चाललाय, एकदा ये, असं तिने काय काय करून समजावलं असेल. एका मंगळवारी रविना आली. माझ्या दुसऱ्या टोकाला बसली आणि मधे वर्षाच्या पोरीला उभं केलं. धाऊ माझ्या कडेला अंग चोरून बसला होता. पोरगी मात्र अघळपघळ. आईच्या प्लेटमधला पाव तिने ओढला, थोडा चोखला, आणि उरलेला ओला तुकडा आजाच्या तोंडापुढे धरला.

रविना टक लावून बघत होती. एवढ्यासाठीच ती आली होती.

धाऊचं तोंड उघडायला आलं होतं. पण त्याआधी त्याने मान वळवून समोरच्या बाकाकडे पाहिलं, मग दाराकडे. दोन्हीकडे कुणी नव्हतं. खात्री झाल्यावर तो वळला, तर पोरगी आईच्या कडेवर गेली होती.

“कोणी नाय ना बा बाहेर?” रविनाने विचारलं. रागाने नाही, अगदी हळू. आणि ती निघून गेली.

नंतर धाऊ दोनदा आला. मग पाऊस यायच्या आधी एक दिवस गोजर एकटा आला, माझ्यावर बसला, आणि धाऊ गेल्याचं त्याने पंकजला सांगितलं. अख्खं गाव आलं होतं म्हणे खांदा द्यायला. रविनाला कळवलं का, असं पंकजने विचारलं. गोजरने मान खाली घातली.

आता पंकजने गादीच्या खुर्च्या आणल्या आहेत. भावाला कुणीतरी घेऊन गेलं. मी मागच्या बोळात आहे, माझ्यावर तेलाचे रिकामे डबे रचलेत आणि पायांना वाळवी लागली आहे. मित्रांनो, तुमच्याकडे एखादा जुना बाक असेल तर त्याला रंग द्या, वाळवीपासून जपा, असं मी सांगायला हवं. तेही करा. पण कुणी जिव्हाळ्याने तुमच्यापुढे घास धरला, तर कोण बघतंय ते आधी बघू नका. पोरीचा हात तेवढा वेळ हवेत राहत नाही.