अर्ध्या अर्ध्या कादंबऱ्या

जिंतूरला असताना प्रभावती आणि तिची धाकटी जाऊ प्रमोदिनी यांनी वर्षभर कादंबऱ्या वाचल्या, पण अर्ध्या अर्ध्या. वाचनालयाची वर्गणी एकच होती, सासऱ्यांच्या नावावर. एका वेळी एक पुस्तक मिळायचं आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी ते परत करावं लागायचं. घरकामातून दुपारी जेमतेम तासभर सुटका व्हायची, तेवढ्यात एकीचं सबंध पुस्तक काही वाचून होत नव्हतं. मग प्रमोदिनीनंच तोड काढली. ती नवीनच लग्न होऊन आलेली, बोलायला धीट.

"अक्का, आधीचं अर्धं तुमी वाचा, मागचं मी वाचते. भाकऱ्या करता करता एकमेकीला सांगू."

तसंच सुरू झालं. प्रभावती आपलं अर्धं वाचून चुलीपुढं सांगायची. मग पुस्तक प्रमोदिनीकडं जायचं आणि शेवट ती सांगायची. सांगण्याच्या भरात तिचा हात थांबायचा, तव्यावरची भाकरी करपायची आणि पलीकडच्या खोलीतून सासूबाई ओरडायच्या, "काय करपायलंय गं?"

पुढच्या जूनमध्ये प्रभावतीचे यजमान व्यंकटराव यांची मानवतच्या शाळेत बदली झाली. तिथं बिऱ्हाड लहान, काम थोडं. प्रभावतीनं स्वतःच्या नावानं वाचनालयाची वर्गणी भरली. आता कुणाशी वाटून घ्यायचं नव्हतं. पण झालं भलतंच. पुस्तक निम्म्यावर आलं की तिचं मन आपोआप थांबायचं. ती ते मिटून कोनाड्यात ठेवायची आणि दोन-दोन दिवस तिकडं बघायचीसुद्धा नाही.

"आवडलं नाही का पुस्तक?" व्यंकटरावांनी एकदा विचारलं.

"आवडलं की."

"मग पुरं का करत नाहीस?"

 पुढचं कुणीतरी येऊन सांगेल, असं तिला वाटत होतं की काय, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

अशात एक दिवस वाचनालयाच्या कपाटात तिला ओळखीचं पुस्तक दिसलं. मालती नावाच्या विधवा शिक्षिकेची ती कादंबरी. जिंतूरला असताना तिनं तिचं आधीचं अर्धं वाचलं होतं. मालतीचं गावातल्या लग्न झालेल्या डॉक्टरवर मन बसतं, तिला दिवस जातात आणि कुणाला कळायच्या आत ती गाव सोडते, इथपर्यंत. पुढचं प्रमोदिनीनं सांगितलेलं तिला पक्कं आठवत होतं. मालती तिच्या मेलेल्या बहिणीची पोर सांभाळते, डॉक्टर त्या पोरीला आजारातून वाचवतो आणि मालती त्याला राखी बांधते. मालतीला दिवस गेले होते त्याचं काय झालं, याचं तेव्हा प्रभावतीला जरा नवल वाटलं होतं, पण लेखकानं शेवटी सगळं सावरून घेतलं म्हणून बरंही वाटलं होतं. राखीच्या वेळी तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

राखीचा तो प्रसंग आपल्या डोळ्यांनी वाचावा म्हणून तिनं पुस्तक घरी नेलं. राखी कुठंच नव्हती. मेलेली बहीण नव्हती. पोर मालतीचीच होती. शेवटच्या पानावर डॉक्टर दारात येऊन उभा राहतो आणि मालती एक शब्द न बोलता दार लावून घेते.

प्रभावतीनं शेवट पुन्हा वाचला. मग पुठ्ठ्यावरचं नाव पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात गेली. तिथले आबासाहेब नोंदी करत बसले होते.

"ह्याच नावाची दुसरी कादंबरी असते का हो?"

"न्हाई बाई, एकच हाय."

"मग हिचा शेवट मागाहून बदललाय का?"

आबासाहेबांनी पुस्तक उलटसुलट करून बघितलं. "छापलेलं कसं बदलल, बाई?"

मग तिनं जिंतूरची आठवतील ती पुस्तकं शोधून त्यांचे शेवट वाचायला घेतले. एकाचा शेवट प्रमोदिनीनं सांगितला तसाच निघाला. दुसऱ्यातला मेलेला भाऊ इथं जिवंत होता. तिसरं पुन्हा बरोबर. प्रभावतीला कशाचा मेळ लागेना. प्रमोदिनीनं फसवलं म्हणावं, तर ती सगळीकडंच का फसवत नव्हती?

दिवाळीला ती आपल्या लहान मुलीला घेऊन जिंतूरला निघाली. व्यंकटराव मागून येणार होते. परभणीला गाडी बदलायची होती. स्टँडसमोरच्या भिंतीवर विद्यापीठाचं नामांतर झालंच पाहिजे आणि नामांतर होऊ देणार नाही, अशा दोन्ही घोषणा एकीवर एक रंगवलेल्या होत्या. खालची वाचावी तर वरचीची अक्षरं मध्ये यायची. जिंतूरची गाडी लागेपर्यंत ती तिकडंच बघत राहिली.

घरी गेल्यावर करंज्या करायला दोघीच बसल्या, तेव्हा तिनं विचारलं, "प्रमोदिनी, त्या मालतीनं राखी कधी बांधली गं?"

प्रमोदिनी आधी हसली. मग तिनं हातातली पारी खाली ठेवली. "वाचलं का तुमी?"

"वाचलं. मला खोटं का सांगितलंस?"

"मी काय करू, अक्का? तुमी सांगितलं, मालती आजारी पडली अन् हवापालटाला मामाकडं गेली. मी पुढचं पान उलटलं तर तिच्या कडेवर लेकरू! मला काहीच कळंना. मग मीच जोडलं, तुमच्या गोष्टीला जुळेल असं."

 मामाचं गाव प्रभावतीनंच घातलं होतं, हे ती साफ विसरली होती.

"तू नवी नवरी," ती हळू म्हणाली. "सासूबाई पलीकडं बसलेल्या. तसलं कसं सांगायचं? थोडं गाळलं इतकंच."

"थोडं?"

"पण मला विचारायचं तरी."

"तुमी मोठ्या. खोटं सांगायलाव असं कसं म्हणू? मला वाटलं, माझंच वाचायला चुकायलंय."

प्रभावतीला राग आला नाही, हसूही आलं नाही. त्या दिवाळीत दोघींनी एकेक पुस्तक आठवून बघितलं. तो मेलेला भाऊ तुमी मारला की मी? विहिरीवरचं भांडण पुस्तकात होतं, की सांगताना सुचलं? जितकं सोडवावं तितकं गुंतत गेलं. शेवटी तर प्रभावतीला सांगता येईना, की गेल्या वर्षी आपण नेमकं वाचलं काय, ऐकलं काय आणि स्वतःच केलं काय.

व्यंकटराव आधीच मानवतला परतले होते, म्हणून भाऊबीज झाल्यावर प्रमोदिनी तिला स्टँडवर पोचवायला आली. मुलगी खिडकीशी, प्रभावती तिच्या शेजारी बसली. प्रमोदिनीनं खिडकीचा गज धरला.

"अक्का, आता तरी खरं सांगा. मालतीचं अन् डॉक्टरचं काय झालं होतं?"

प्रभावतीनं आजूबाजूला पाहिलं. मुलगी पलीकडच्या गाडीत चढणारी माणसं बघत होती. प्रभावती खिडकीकडं वाकली आणि हळू आवाजात तिनं सगळं सांगितलं, रात्रीची भेट, मालतीचं कबूल होणं, कधी सोडणार नाही असं डॉक्टरनं दिलेलं वचन. काहीच गाळलं नाही. ऐकता ऐकता प्रमोदिनीचा चेहरा बदलला.

"वचन दिलं होतं? मग मला शेवट कळलाच न्हाई की. मी समजले, ती त्याला घाबरून दार लावते."

"घाबरून नाही गं."

"मग रागानं? का त्याच्या बायकोसाठी?"

 प्रभावतीनं तो शेवट दोनदा वाचला होता, पण दार का लावलं, हे त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तशी प्रमोदिनी खिडकीबरोबर चार पावलं चालत आली.

"सांगा ना, अक्का, कामून लावलं दार?"

"मला नाही माहीत," प्रभावती म्हणाली, पण गाडीच्या आवाजात ते प्रमोदिनीला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. ती समजल्यासारखी मान डोलवत मागं राहिली, जणू तिला काहीतरी सांगितलं गेलं होतं.