मी पुसलेल्या गोष्टी

या खोलीत तीन लोखंडी रॅक आहेत, एक टेबल, सहाशे बारा व्हिडिओ कॅसेटी आणि कोपऱ्यात मी. मित्रांनो, मी एक जुने, टेप पुसणारे यंत्र आहे. माझ्या पोटात तांब्याच्या तारेचे वेटोळे आहे. वीज आली की त्याचे चुंबक होते. कॅसेट माझ्या पाठीवरून फिरवली की तिच्यातले चित्र आणि आवाज नाहीसे होतात. पूर्वी हे मी ऐटीत सांगत असे. आता मान वर होत नाही.

मी आलो तेव्हा आमची वाहिनी संध्याकाळी एकच तास दिसायची आणि तो तास मुलांचा होता. गोष्टवाली मावशी स्टुलावर बसून एकटीच सिंहाचा, उंदराचा, करकरणाऱ्या दाराचाही आवाज काढायची. तिच्या कॅसेटींना निळे लेबल असे. निळे म्हणजे मुलांचे, जपून ठेवायचे.

पुढे वाहिनी सगळ्या कुटुंबाची झाली. मालिका वाढल्या, मुलांचा तास रविवारपुरता उरला. कोऱ्या कॅसेटी पुरेनात. तेव्हा नव्या साहेबांनी लेबलांचे अर्थ बदलले: लाल म्हणजे जपा, निळे म्हणजे नुसती तालीम, पुसा. तसा कागद भिंतीवर लागला. रॅकवरची जुनी लेबले बदलायचे मात्र कोणाच्याच लक्षात आले नाही.

टेपवाले काका निळ्या कॅसेटी एकेक करून माझ्याकडे आणू लागले. "काय चपळ आहे गडी! आमच्या सूनबाई शाळेत शिकवतात, पण त्यांनाही इतक्या झटपट फळा पुसता येत नाही!" असे म्हणून ते मला थोपटत. मी फुशारून गुणगुणत राही.

मग वाहिनी संगणकावर गेली, चोवीस तास दिसू लागली आणि माझ्यावर धूळ बसली.

परवा मावशी आली, सोबत तिची मुलगी. घशाच्या ऑपरेशननंतर मावशीला आवाज उरलेला नाही.

"काका, आईची एखादी तरी गोष्ट द्या," मुलगी म्हणाली. "माझी लेक चार वर्षांची झाली. तिने आजीचा आवाज ऐकलेलाच नाही."

"देतो की! निळ्याच ना? निळ्या सगळ्या..." काका थांबले. त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मीच पुसल्या हो, ताई."

मावशीने वहीत लिहून वही त्यांच्यापुढे धरली. "तुम्ही पहिल्यापासून धांदरट. एखादी नीट पुसायची राहिली असेल. बघा."

तिचे खरे होते. कॅसेट उलटी करून पुन्हा फिरवली तरच ती पुरती कोरी होते, आणि घाईत काका कधी कधी एकच बाजू फिरवत. आवाज फितीच्या कडेला भरलेला असतो; तो अशा वेळी वाचू शकतो. माझे काम कुठेतरी अपुरे राहिले असावे, अशी आशा मी आयुष्यात पहिल्यांदाच केली.

मित्रांनो, काहीही पुसण्याआधी ते एकदा चालवून बघा, त्यात कोण बोलते आहे ते ऐका. मी केवळ यंत्र होतो, ही सबब सांगायचीही मला लाज वाटते.

पुष्कळ कॅसेटींवर मालिका भरल्या गेल्या होत्या. पुसून तशाच राहिलेल्या सदतीस निघाल्या. काकांनी त्या दोन दिवस चालवून पाहिल्या. छत्तीस कोऱ्या. एकीवर चित्र नाही. मावशीचा आवाज, एकोणीस सेकंद.