पानं नसलेली झाडं

बाबा रुळांलगतच्या बांधावर आले होते ते लेकीची गाडी डोळे भरून पाहायला. आज ती पहिल्यांदाच एकटी इंजिन चालवणार होती. ज्या सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या खोट्या रुळांवर, ती ही वाट शिकली, त्यातले पूल, फलाट, सिग्नल, सगळं बाबांनीच घडवलेलं. खडीवरचे तेलाचे डागसुद्धा त्यांनी फोटोवरून हुबेहूब उतरवले होते. कौतुकाने त्यांनी वळणाकडे मान वळवली, आणि ते पुढे वाकून शोधू लागले.

सिग्नल दिसत नव्हता.

फोटो काढले तेव्हा पानगळ होती. उघड्या फांद्यांमधून दिवा लांबूनच दिसे, आणि तो दिसला की ब्रेक लावायचा, हे लेकीच्या हातात मुरलं होतं. आता झाडं पानांनी गच्च भरली होती. बाबा धडपडत वळणापलीकडे गेले. दिवा लाल होता.

त्यांनी तिला शिकवणाऱ्या मास्तरांना फोन लावला. मास्तर आधी हसले, बापाचं काळीज असंच असतं म्हणाले. पानांचं ऐकल्यावर हसू थांबलं. गाडी चालवताना तिचा फोन बंद असणार, नियंत्रण कक्षाला कळवतो, म्हणाले.

तेवढ्यात रूळ थरथरू लागले. बाबांनी देवाचा धावा करायला तोंड उघडलं, पण ज्याला रोज तासन्‌तास आळवायचे, त्याचं नावच ओठांवर येईना. डोळ्यांपुढे नुसती लेक.

गाडी वळणातून आली ती पाय ओढत आल्यासारखी, आणि सिग्नलच्या बऱ्याच अलीकडे थांबली. खिडकीतून लेकीने डोकं काढलं.

"बाबा, तुम्ही इथे? आणि चेहरा असा पांढराफटक का?"

"सिग्नल दिसला का गं तुला?"

"वळून आल्यावर दिसला. तो पानांआड असणार हे ठाऊक होतं, म्हणूनच सावकाश आले. तुमच्या झाडांना कधी पान फुटलंय? आई म्हणतेच, बाबांच्या जगात बारा महिने पानगळ."

बाबांना हसू फुटलं. दिवा हिरवा झाला, लेक हात हलवून निघून गेली. तिला बाप ठाऊक होता, म्हणून ती वाचली. तिच्याबरोबर शिकलेल्या बाकीच्या पोरांना तो कुठे ठाऊक?

त्यांनी पुन्हा फोन लावला.

"मास्तर, पोरगी सुखरूप आहे. पण माझ्या वाटेवर जे जे शिकलेत, त्या सगळ्यांना गाठा. आत्ताच."

मास्तर आज गाडीवर असलेल्या पोरांची नावं वाचू लागले. आणि दूरवर दुसऱ्या गाडीचा भोंगा वाजला.