राष्ट्राध्यक्षांचं पहिलं मागणं

राष्ट्राध्यक्ष रुआते तंबाखूची लादी काखेत मारून सकाळीच मेहुण्याच्या घरी आला. दुपारी संसदेत अविश्वासाचं मतदान होतं आणि त्याच्या सरकारला एकच मत कमी पडत होतं. सरकार पडलं की त्याच्या बेटासाठी मंजूर झालेलं, खारं पाणी गोडं करणारं यंत्र विरोधक आपल्या बेटाला पळवणार, हे शेंबडं पोरही सांगेल. रुआतेच्या बेटावर विहिरींत समुद्र शिरला होता. त्याची म्हातारी आई ते खारं पाणी पिऊन पिऊन अंथरुणाला खिळली होती.

तारावात, या बेटांच्या राजधानीत, नातलगानं 'बुबुती' म्हणून काही मागितलं की नाही म्हणायची सोय नसते. म्हणणाऱ्याचं तोंड जन्माचं काळं. रुआते शाळामास्तरचा खासदार झाला, मंत्री झाला, राष्ट्राध्यक्ष झाला तो याच एका गुणावर. कुणी सायकल मागितली, दिली. अंगातला सदरा मागितला, काढून दिला. स्वतः मात्र कधी कुणापुढे हात पसरला नाही. केवढा तो ताठा! आज तो गिळायचा होता.

बायकोचा धाकटा भाऊ, खासदार कामौता, चटईवर बसला होता. शेजारी घराण्यातले चार म्हातारे. रुआतेनं तंबाखू पुढे ठेवला, शहाळं आलं. पाहुण्यानं आधी प्यायचं, मग बोलायचं. तो घटाघटा प्यायला लागला.

"दाजी," कामौता म्हणाला, "मी बुबुती करतो."

रुआतेला ठसका लागला.

"काल माझे सासरे आले होते. बुबुती म्हणून विरोधात मत मागितलं. मी 'दिलं' म्हणालो. आता तुम्ही मागाल, तर तुम्हालाही द्यावं लागेल. मग मी तोंड कुठं लपवू? माझ्याकडे मत मागू नका, एवढंच द्या मला."

"अरे, तुझी बहीण रडतेय घरी... आई तिकडे..."

"आईचं नका सांगू, दाजी. पाया पडतो." कामौताचे डोळे भरले होते.

"मागणं ऐकलंस ना, रुआते?" थोरला म्हातारा म्हणाला. "मग दे उत्तर."

नाही! एवढंच म्हणायचं होतं. आईसाठी तरी म्हणायचं होतं. पण चाळीस वर्षांत त्या शब्दाची जिभेला सवयच नव्हती.

"दिलं," रुआते म्हणाला.

"राष्ट्राध्यक्ष असावा तर असा!" थोरल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

दुपारी एका मतानं सरकार पडलं, तेव्हा पुढच्या बाकावर बसलेला रुआते आईला काय सांगायचं, याचाच विचार करत होता.