हलका दाखवा

नंदनवन वस्तीत मेन रोडपासून दुसऱ्या गल्लीत ‘मनकर्णा स्टील सेंटर’ नावाचं भांड्यांचं दुकान आहे. मालक रुपराव. तिथे कधी गेलात तर एक गोष्ट ध्यानात ठेवा, ‘जरा हलकं दाखवा’ असं चुकूनही म्हणू नका. मागे एक बाई म्हणाल्या होत्या. रुपरावांनी त्यांना पाणी पाजलं, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि हात जोडून पुढच्या दुकानाचा रस्ता दाखवला.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. भांडं तळहातावर घ्यावं, टिचकी मारावी, आवाज खणखणीत आला तर घरी न्यावं. ‘उचलून पाहा नं, बाई’ हे वाक्य ते दिवसातून पन्नासदा म्हणत. जड ते भारी आणि हलकं ते हलकं. मराठी भाषेनेच हे एकदा ठरवून टाकलंय म्हटल्यावर रुपरावांनी वेगळं डोकं कशाला चालवायचं?

असे हे रुपराव एका सोमवारी दुकानाचं शटर ओढून लेकीबरोबर बर्डीच्या बाजारात लॅपटॉप घ्यायला गेले. लेक हर्षा, अंगाने काडी. तिला बुटीबोरीच्या वाटेवरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि गुरुवारपासून वर्ग सुरू होणार होते. नंदनवनातून शेअर ऑटो, मग मेट्रो, मेट्रोच्या टोकाला कॉलेजची बस. जायला दीड तास, यायला दीड तास, त्यातला निम्मा वेळ उभ्याने. महिनाभर मोबाइलवर शोधून तिने एक पातळसा लॅपटॉप हेरून ठेवला होता, पण घरात काही बोलली नव्हती. दुकानातच सांगू, असं तिने ठरवलं. इथेच तिचं चुकलं.

“दादा, थोडा हलका दाखवा ना,” ती काउंटरवरच्या गौरांगला म्हणाली.

रुपरावांच्या कपाळाला आठी पडली. “हलका? हलका काहून? तुह्या बापानं कधी हलकं आनलं का घरात?”

“बाबा, हलका म्हणजे वजनानं...”

“मंग मी काय उंचीनं म्हनून राहिलो का?” ते गौरांगकडे वळले. “भाऊ, पोरगी इंजिनिअरिंगले जाऊन राहिली. भारी दाखव. दुकानातला सगळ्यात भारी.”

असं गिऱ्हाईक वर्षातून एखादंच येतं. गौरांग आत धावला आणि एक काळाकुट्ट, जाडजूड लॅपटॉप दोन्ही हातांनी घेऊन आला. बटण दाबताच अक्षरांखाली लाल, हिरवे, निळे दिवे धावू लागले. रुपरावांनी दिव्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी तो तळहातावर घेतला. हात चांगला दोन बोटं खाली गेला आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी टिचकी मारली, कान लावला, पुन्हा मारली.

“आवाज जरा बद्द येते. गेज किती?”

गौरांगला भांड्यांचा पत्रा गेजवर मोजतात हे कुठून माहीत असणार? त्याला वाटलं, काका मेमरी विचारतायत. “सोळा आहे काका, सोळा जीबी.”

“सोळा गेज!” रुपराव लेकीकडे वळले. “आइकलं का? सोळा गेजमदी पंगतीचे गंज बनवतेत. दोनशे मानसाचं वरन शिजते त्यात.”

हर्षाने शेवटचा प्रयत्न केला. काचेमागच्या करड्या रंगाच्या लॅपटॉपवर बोट ठेवून ती म्हणाली, “बाबा, तो एकदा पाहा ना.” रुपरावांनी तो दोन बोटांत उचलला आणि शेकलेला पापड धरावा तसा उलटसुलट करून पाहिला.

“यात आतमदी काही हाये, का नुसतं झाकन?”

“काका, हा त्याच्यापेक्षा महाग आहे.”

“हलका अन् वरून महाग?” रुपरावांना आता खरोखरच त्या पोराची कीव आली. “असं असंन तर मीही उद्यापासून पापड विकतो गा, कढईच्या भावात.”

तसाच काळा लॅपटॉप सीलबंद खोक्यात आला. निघताना गौरांगने सवयीने सांगितलं, सील न फोडता तीन दिवसांत आणला तर बदलून मिळेल. “भारी वस्तू कोन बदलते?” म्हणत रुपरावांनी स्कूटरला किक मारली.

बर्डी ते नंदनवन हर्षा एक शब्द बोलली नाही. खोकं तिच्या मांडीवर होतं. एवढ्या आनंदाने पोरीची बोलती बंद झाली असेल, असं रुपरावांनी स्वतःला सांगून पाहिलं. मग आरशात तिचा चेहरा दिसला आणि ते सांगणं काही टिकलं नाही. रुसली तर रुसू दे, त्यांनी मनाला बजावलं. हलक्याचं दुःख काय असतं ते या पोरीला ठाऊक नाही. आपल्याला आहे.

ते खरंच होतं. रुपराव एकोणीस वर्षांचे असताना वडील गेले आणि थोरल्या बहिणीचं, मनकर्णाचं, लग्न त्यांच्या अंगावर पडलं. आंदणाची भांडी त्यांनीच आणली. खिशात होतं तेवढ्यात आली तशी, पातळ पत्र्याची. भर मांडवात वरपक्षाच्या एका म्हाताऱ्याने पाण्याच्या गुंडाला टिचकी मारली. गुंड ‘टीण’ वाजला. “पोरीवाल्यानं हलकं देल्लं,” म्हातारा म्हणाला, आणि अख्खा मांडव हसला. मनकर्णाचा नवरा कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये होता. ती हलकी भांडी घेऊन ती कोराडीच्या कॉलनीत नांदायला गेली, आणि रुपरावांनी कानाला खडा लावला. पुढे दुकान काढलं तेव्हा बायकोचं किंवा देवाचं सोडून बहिणीचं नाव त्यावर लावलं. दर दिवाळीला दुकानातलं सगळ्यात जड भांडं घेऊन ते कोराडीला जायचे, भांडं ओट्यावर ठेवायचे आणि चहालाही न थांबता परत फिरायचे. मांडवातल्या त्या दिवसाला पस्तीस वर्षं झाली. पण मनातला तो ‘टीण’ काही थांबला नव्हता.

म्हणूनच खोक्याचं सील फोडायचं ते मनकर्णाताईच्या हातचं कुंकू लागल्यावरच, असं त्यांनी ठरवलं होतं. ताईने एकदा पाहावं, भाऊ आता हलकं देत नाही ते.

मंगळवारी दुपारी ताई कोराडीहून बसने आली. पिशवीत बेसनाचे लाडू होते, आणि लाडू होते आंदणातल्याच त्या पोचे पडलेल्या डब्यात. रुपरावांनी डब्याकडे पाहायचं टाळलं. ताईने खोक्यावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि खोकं देवापुढे ठेवायला म्हणून उचललं.

“आई गं! रुप्या, यात पाटा हाये का वरवंटा?”

“भारी हाये, ताई,” रुपराव छाती काढून म्हणाले.

“ते समजलं. उचलनार कोन?”

“हर्षा.”

ताईने हर्षाकडे पाहिलं. “कसी जाशीन वं तू कॉलेजले?”

हर्षाने ऑटो सांगितला, मेट्रो सांगितली, आणि बसवर येईपर्यंत तिचा आवाज चिरकला. काल बर्डीपासून दाबून ठेवलेलं सगळं डोळ्यांतून आलं. “मला उचलणारच नाही तो, आत्या. बाबा ऐकतच नाहीत.”

ताईने खोकं रुपरावांच्या हातात दिलं, हर्षाला कॉलेजची बॅग आणायला लावली आणि दोघांना घेऊन खाली दुकानात उतरली. काट्यावर खोकं ठेवलं. वर पुस्तकं. वर हर्षाचा टिफिन आणि पाण्याची बाटली. दोन्ही अर्थात ‘मनकर्णा स्टील सेंटर’चे, रुपरावांनी स्वतः निवडलेले, सगळ्यात जाड पत्र्याचे. काटा साडेआठ किलोवर थांबला.

“भरली कळशी झाली का नाही?” ताई म्हणाली. “म्हंजे रोज कळशी घिऊन पोरगी मेट्रोत उभी राहीन. घरात नळ आला तरी पोरीचं पानी भरनं काही सुटत नाही, पाह्य.”

“पन ताई, हलकं देल्लं तर लोक काय म्हन्तीन?” रुपराव म्हणाले. “तुह्या लग्नात मी...” पस्तीस वर्षांत हे वाक्य कधी इथवरही आलं नव्हतं.

ताई चक्क हसायला लागली.

“तू अजून थेच घिऊन बसला का रे? आइक. पयलं वर्षभर सासूनं मले टोमने मारले, हलक्या घरची म्हनून. खरं हाये. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात कॉलनीचे नळ गेले. पानी टाकीवरून आनाचं, अर्धा कोस. माह्या जावेच्या बापानं पितळीचा गुंड देल्ला होता, लय भारी. रिकामाच उचलवे नाही तिले, भरला तर देवाचं नाव! त्या उन्हाळ्यात तिची कंबर गेली थे आजपर्यंत आली नाही. अन् माह्या सासूबाई? मागच्या दारानं माहाच गुंड घिऊन पान्याले जात! ‘मनकर्णे, तुहा तो हलकावाला दे वं’, असं हळूच म्हनत, जावेले आइकू जाऊ नये म्हनून.”

“मंग तू सांगितलं काहून नाही मले?”

“तू थांबला कवा? भांडं ठेवतं, चोरासारखं तोंड करतं अन् पळून जातं. तुह्या त्या दिवाळीच्या भारी भांड्यायनं माहा माळा भरला. एकही उचलवत नाही मले. अन् हा डबा?” तिने पोचे पडलेला डबा पुढे केला. “पस्तीस वर्ष झाले, रोज हातात हाये.”

रुपरावांनी डबा घेतला. सवयीने टिचकीसाठी बोट वर गेलं, पण ती त्यांनी मारली नाही. हसावं की रडावं, त्यांना कळेना. आपण पस्तीस वर्षं वाहिलेलं ओझं बहिणीने कधीच खाली ठेवलं होतं, याचा त्यांना राग आला, लाज वाटली, आणि मग इतकं बरं वाटलं की त्यांनी तिथेच उभ्याउभ्या दोन लाडू खाल्ले.

बुधवारी सकाळी बापलेक पुन्हा बर्डीवर हजर झाले. गौरांगने सील तपासलं, मग खोक्यावर बोट फिरवून पाहिलं. “काका, हे लाल काय लागलंय?”

“कुंकू हाये. शुभ असते, राहू दे,” रुपराव म्हणाले. “आता थो दाखव. थो, जरा...”

“कोणता काका?”

शेजारी एक सुटाबुटातलं गिऱ्हाईक उभं होतं. रुपरावांनी त्याच्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, रुमालाने मान पुसली. उभ्या आयुष्यात अशी मागणी त्यांनी काउंटरच्या या बाजूने कधी केली नव्हती. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणाले, “हलका दाखव!”

सुटाबुटातलं गिऱ्हाईक दचकलं. गौरांगने करडा लॅपटॉप काढून रुपरावांच्या हाताशी आणला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

“मले काहून देऊन राहिला? तिले दे.” आणि मग लेकीकडे वळून, दुकानात दिवसातून पन्नासदा म्हणायचे तेच ते म्हणाले, पण आज कुठे स्वतःच ऐकल्यासारखे. “उचलून पाह्य, पोरी. न्यायचा तुले हाये.”

हर्षाने तो एका हाताने उचलला, बॅगेत टाकला, बॅग खांद्याला लावली. दुकानातल्या दुकानात दाराशी जाऊन परत आली, एकदा चवड्यांवर उड्या मारून पाहिल्या. तिचा चेहरा उजळला.

“बाबा, भारी आहे!”

रुपरावांचा चेहरा खर्रकन उतरला. ते गौरांगकडे वळून काउंटरवर हात आपटत म्हणाले, “पाहून काय राहिला गा? याच्याहून हलका काढ!”